आठ किलोचं खोटं

जुना आहे मी, पण गंजलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, मी लहान मुलांच्या वॉर्डातला वजनकाटा. अंगानं लोखंडी, रंगानं पांढरा. डोक्यावर बाळ आडवं निजवता येईल असा खोलगट ट्रे आणि पोटावर गोल तबकडी. तबकडीवर शून्यापासून पंधरापर्यंत किलोचे आकडे आणि दोन आकड्यांच्या मध्ये बारीक बारीक रेघा. तुमच्यासारखी कितीतरी मुलं या ट्रेमध्ये पाय झाडत रडली आहेत. काहींनी ट्रे ओलाही केला. नावं सांगणार नाही, घाबरू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे काटे तपासणारे एक गृहस्थ होते, भारी खवट. ते ट्रेमध्ये पितळेचं पाच किलोचं वजन ठेवायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून तबकडीला नाक लावायचे. माझा काटा पाचाच्या रेघेपासून केसभर अलीकडे थांबला, म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. एकदा नाही, तीनदा! चौथ्यांदा काटा बरोबर रेघेवर आला, तेव्हा कुठे त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि म्हणाले, "जा आता. खोटं बोलू नकोस." तेव्हापासून 'साधारण', 'जवळजवळ', 'असेल की तेवढंच' हे शब्द कानावर आले की माझं डोकं फिरतं.

वॉर्डात आलो आणि मला कळलं की आपलं काम साधंसुधं नाही. मोठ्या माणसाला ताप आला तर त्याला एक गोळी देतात. माणूस लठ्ठ असो की काडी पहिलवान, गोळी तीच. लहान मुलांचं तसं चालत नाही. त्यांचं औषध किलोमागे मोजतात. म्हणजे डॉक्टर लिहितात, एका किलोला इतके मिलिग्रॅम. मग नर्स बाळाचं वजन बघते, त्यानं गुणते, औषधाच्या बाटलीत किती पाण्यात किती औषध आहे ते वाचते, भागाकार करते, आणि मग सिरिंजमध्ये किती ओढायचं ते ठरतं. एवढ्या सगळ्या हिशोबातला पहिला आकडा कोण देतं? मी देतो. पहिलाच आकडा चुकला तर पुढचं गणित कितीही सुंदर सोडवा, उपयोग शून्य. या गोष्टीचा मला गर्व होता, कशाला लपवू?

वॉर्डाच्या मुख्य नर्सला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंचीनं त्या सगळ्यांत लहान होत्या, पण आवाज असा की रडणारं मूलसुद्धा क्षणभर थांबून बघायचं. त्या मला 'माझा काटा' म्हणायच्या. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ट्रे पुसायच्या, बाजूचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायच्या. कोणी माझ्यावर फाइल ठेवली तर तिथूनच ओरडायच्या, "तो काटा आहे, टेबल नाही!" माझी छाती फुगायची.

त्यांच्या वॉर्डात एक पद्धत होती. तिला सगळे 'पाठीला पाठ' म्हणत. कुठल्याही बाळाचं इंजेक्शन भरण्याआधी दोघींनी एकमेकींकडे पाठ करून उभं राहायचं आणि आपापल्या चिठ्ठीवर हिशोब करायचा. बोलायचं नाही, डोकावायचं नाही. मग दोन्ही चिठ्ठ्या माझ्या शेजारच्या टेबलावर पालथ्या ठेवायच्या आणि एकदम उलटायच्या. उत्तरं जुळली तरच औषध भरायचं. नवीन आलेल्या मुली हसायच्या. सिस्टर म्हणायच्या, "दुसरीचं उत्तर बघून मान डोलावणं याला तपासणं म्हणत नाहीत, बायांनो. त्याला झोप म्हणतात."

पण दिवस सारखे राहत नाहीत. वॉर्डातल्या खाटा वाढल्या, माणसं तेवढीच राहिली. सिस्टरांचा अर्धा दिवस कागदांत जाऊ लागला. माझा ट्रे म्हणजे सगळ्यांची हक्काची जागा झाली. चादरींच्या घड्या, फाइलींचे गठ्ठे, एकदा तर कोणाचा तरी जेवणाचा डबा! वर्षातून एकदा पितळी वजनं घेऊन मला तपासायला माणूस यायचा, तो दोन वर्षं आला नाही. मी मनातल्या मनात कुरकुर करायचो. कोणाला ऐकू जाणार?

याच काळात नर्सिंग कॉलेजच्या मुली वॉर्डात शिकायला यायच्या. त्यांच्या मॅडम दुपारी वॉर्ड शांत झाला की वाळू भरलेली एक रबरी बाहुली माझ्यावर ठेवायच्या आणि गणितं घालायच्या. त्या मुलींमध्ये एक होती खोडरबर. मैत्रिणींनीच नाव ठेवलं होतं. बिचारी एक ओळ लिहायची आणि दोन ओळी खोडायची. तिच्या वहीचा कागद इतका झिजायचा की पलीकडचं दिसायचं. आकडे दिसले की ती पेन्सिल चावत बसायची, आणि दशांश चिन्ह दिसलं की संपलंच.

एकदा मॅडमनी सांगितलं, "बाहुली चार किलोची. किलोमागे दहा मिलिग्रॅम औषध. बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम. किती भरशील?"

खोडरबरनं लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं. शेवटी म्हणाली, "साडेबारा मिलिलिटर."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मोठी सिरिंज घेतली, त्यात साडेबारा मिलिलिटर पाणी भरलं आणि सिरिंज बाहुलीच्या मांडीजवळ धरली. "इंजेक्शन आहे हे. या एवढ्याशा मांडीत टोचणार?"

बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. खोडरबरचे कान लाल झाले. तिनं भागाकार उलटा केला होता. चाळीसला शंभरनं भागायचं, तर हिनं शंभरला चाळीसनं भागलं होतं. खरं उत्तर होतं दोन मिलिलिटर.

"तुला गणित येत नाही असं नाही गं," मॅडम म्हणाल्या. "तू उत्तराकडे बघतच नाहीस. कागदावर सोडून पळून जातेस. घरी काय करतेस तू?"

"आत्याची बेकरी आहे. पहाटे कणीक तोडायला बसते. मैद्याची पोती पण उतरवते."

"कणकेचे गोळे वजन करून तोडता?"

"नाही हो मॅडम, वजन करत बसलो तर दुपार होईल. हाताला कळतं की!"

मॅडमनी बाहुली तिच्या हातात दिली. "सांग बरं, किती?"

तिनं बाहुली दोन्ही हातांवर घेतली, जराशी वरखाली केली. "चार नाही ही. थोडी कमी आहे."

बाहुली माझ्यावर ठेवली. तीन किलो नऊशे! एका कोपऱ्यातून वाळू गळत होती, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मित्रांनो, तुम्हांला वाटेल मला कौतुक वाटलं. कसलं काय! मला राग आला. पितळी वजनांनी मला तीनदा परत पाठवलं आणि ही पोरगी नुसत्या हातांनी सांगते! अंदाजच तो, लागला असेल एकदा, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या दिवसापासून मात्र ती रोज दुपारी थांबू लागली. गणित सोडवायची, मग तेवढं पाणी सिरिंजमध्ये ओढायची आणि सिरिंज बाहुलीच्या शेजारी धरून बघायची. 'एवढं? छे!' असं स्वतःशीच म्हणायची आणि पुन्हा वहीकडे वळायची. हळूहळू खोडणं कमी झालं. दशांश चिन्हाच्या आधी शून्य लिहायची सवय मॅडमनी तिला लावली, म्हणजे घाईत ते चिन्ह दिसलं नाही असं व्हायला नको. पण भीती काही जाईना. उत्तर बरोबर आलं तरी तिला वाटायचं, माझंच कुठेतरी चुकलं असणार.

वॉर्डातली परीक्षा अशी होती: मोठ्या सिस्टरांबरोबर पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि सलग तीन वेळा उत्तर जुळवायचं. इथे शंभरात नव्वद मिळवून चालत नाही. नव्वद बरोबर म्हणजे दहा लेकरांना चुकीचं औषध. एकदा चुकलं की पुन्हा एकपासून सुरुवात. खोडरबरची चार वेळा पुन्हा सुरुवात झाली होती. आता दोन उत्तरं जुळली होती आणि वॉर्डातला तिचा शेवटचा दिवस उजाडला होता. तिसरं जुळलं नाही तर अख्खं वर्ष वाया. आत्यानं तर सांगूनच टाकलं होतं, "पुरे झालं आता. नाही जमलं तर भट्टी आहेच." हे ती सकाळी ट्रे पुसताना बाजूच्या मैत्रिणीला सांगत होती, म्हणून मला माहीत.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट झाली. स्टोअरवाले काका सलाइनच्या बाटल्यांचं भरलेलं खोकं घेऊन आले. टेबलावर जागा नव्हती. त्यांनी खोकं दाणकन माझ्या ट्रेमध्ये आदळलं. माझ्या पोटात काहीतरी करकरलं. आत ट्रे आणि काटा यांना जोडणारी एक पोलादी पट्टी आहे, ती वाकली. खोकं उचललं तेव्हा काटा अर्ध्या किलोवर थांबलेला. खोडरबरनं ते पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. तिचं काही चुकलं नाही. पण आतून मी पुरता बिघडलो होतो. रिकामा असताना खरा आणि ट्रेमध्ये बाळ आलं की खोटा, अशी माझी गत झाली. जेवढं वजन जास्त, तेवढं खोटं मोठं.

दहाच्या सुमाराला सात महिन्यांचं एक बाळ आलं. छातीत कफ, श्वास भराभर चाललेला, डोळे अर्धवट मिटलेले. बाहेरच्या दवाखान्याची चिठ्ठी होती, पण तिच्यावर वजनाची जागा कोरी. बाळाची आई स्वतः घाबरून गेली होती. तिनं बाळाचे कपडे काढून त्याला माझ्या ट्रेमध्ये निजवलं. बाळ रडलंसुद्धा नाही, इतकं थकलेलं होतं. मी काटा फिरवला आणि सांगितलं, आठ किलो.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. मला ते कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

मोठ्या सिस्टरांनी आकडा वाचला आणि सवयीनं तोंडी हिशोब केला. "वय महिन्यांत धरायचं, त्यात नऊ मिळवायचे, दोननं भागायचं. सात आणि नऊ सोळा, सोळाचे निम्मे आठ. बरोबर आहे." वर्षाच्या आतल्या मुलाचं वजन साधारण किती असावं याचा हा ठोकताळा. नेमका त्या दिवशी तोही माझ्या खोट्याच्या बाजूनं उभा राहिला.

आईनं बाळाला उचलून खाटेवर नेलं. डॉक्टरांनी लिहिलं, किलोमागे पाच मिलिग्रॅम, रोज एकदा, सात दिवस. औषध गुणकारी होतं, पण जास्त झालं तर कानांना आणि मूत्रपिंडांना इजा करणारं. आणि कान एकदा गेले की परत येत नाहीत. सिस्टरांनी खोडरबरला हाक मारली. "चल, तुझी शेवटची चिठ्ठी. घाबरू नकोस."

दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आठ गुणिले पाच, चाळीस मिलिग्रॅम. बाटलीत दोन मिलिलिटरमध्ये ऐंशी मिलिग्रॅम. चिठ्ठ्या उलटल्या. दोन्हींवर एक मिलिलिटर. सुबक, पूर्ण आकडा, दशांश चिन्हाचा त्रासच नाही.

"शाब्बास!" सिस्टर म्हणाल्या. "झालीस की पास."

खोडरबरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते मनगटानं पुसलं. सिस्टरांनी औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि म्हणाल्या, "बाळाला घे जरा. हात हलवायला नको त्यानं."

या बाळाला हात लावायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं त्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि ती थबकली. बाळाला जरासं वरखाली केलं. पुन्हा एकदा.

"सिस्टर, थांबा."

"काय झालं?"

"हे बाळ आठ किलोचं नाहीये."

सिस्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अगं, उत्तर जुळलंय ना आपलं?"

"उत्तर बरोबर आहे. पण बाळ हलकं आहे. साडेसहासुद्धा नाही भरणार."

"आजारी मूल हाताला हलकंच लागतं. काट्यानं आठ सांगितलं, वयानंही आठच येतंय. औषधाची वेळ झालीय आणि तू पास झालीयेस. आता कशाला घोळ घालतेस?"

मी तिच्याकडे बघत होतो. जन्मभर जी मुलगी म्हणत आली, माझंच चुकलं असणार, तिला आज म्हणायचं होतं की बाकी सगळ्यांचं चुकलंय. सिस्टरांचं, ठोकताळ्याचं आणि शिक्का मारलेल्या माझं. आणि तिचे हात चुकले असते तर? मी तुम्हांला खरं सांगतो, माझा जीव नुसता कासावीस झाला होता. बोल गं पोरी, माझं ऐकू नकोस, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"सिस्टर, माझी चिठ्ठी धरू नका हवं तर," ती म्हणाली. "पण एकदा काटा तपासू द्या. दोन मिनिटं."

बाळाची आई उठून उभी राहिली. "ताई, काही चुकलं का?"

"काही नाही हो, वजन पुन्हा एकदा करतोय," खोडरबर म्हणाली आणि तिनं बाळाला आईच्या हातात दिलं.

मग तिनं सकाळच्या त्याच खोक्यातून सलाइनच्या एक एक लिटरच्या पाच बाटल्या काढल्या आणि माझ्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवल्या. एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो. बाटलीच्या प्लॅस्टिकचं थोडं वर धरा. म्हणजे पाचाच्या जरा पुढे काटा थांबायला हवा. माझा काटा पाचाच्या पुढे गेला, सहाच्या पुढे गेला आणि साडेसहाच्या जवळ जाऊन थांबला.

सिस्टरांनी हातातली भरलेली सिरिंज हळूच टेबलावर ठेवली, मग ती उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "नवजात बाळांच्या वॉर्डातला काटा आणा," त्या म्हणाल्या. "पळा!"

तो काटा आला. माझ्याहून लहान, दिसायला किरकोळ. आधी त्याच्यावर बाटल्या ठेवून तपासलं. मग बाळ ठेवलं. सहा किलो चारशे.

"पाठीला पाठ," सिस्टर म्हणाल्या. "मघाचं जुळलेलं मी धरत नाही. आताचं धरणार."

खोडरबरनं पेन घेतलं. या वेळी आकडे सुबक नव्हते. सहा दशांश चार गुणिले पाच, बत्तीस. बत्तीसला ऐंशीनं भागायचं, दोननं गुणायचं. तिनं एकदा खोडलं. मी म्हटलं, संपलं! पण तिनं रिकाम्या सिरिंजचा दांडा मागे ओढला, उत्तराच्या रेघेवर आणला आणि ती सिरिंज बाळाच्या दंडाजवळ धरून क्षणभर नीट पाहिली. मग चिठ्ठी पालथी ठेवली. चिठ्ठ्या उलटल्या. दोन्हींवर एकच आकडा, ०.८. तिच्या शून्याखाली खोडल्याचा डाग होता, तेवढाच काय तो फरक.

सिस्टरांनी तिच्या वहीवर सही केली. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातानं गेलं असतं गं. सात दिवस, रोज." खोडरबरनं त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला.

मला वॉर्डातून उचलून दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. आठव्या दिवशी बाळ घरी निघालं. वडिलांच्या खांद्यावर होतं, चांगलं टकामका बघत होतं. आई औषधाचा कागद घ्यायला मागे राहिली होती. तिनं तिथूनच हळू आवाजात हाक मारली, "पिल्ल्या!" आणि बाळानं गर्रकन मान वळवली. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, नाहीतर मी त्या दिवशी माझा ट्रे भरला असता.

दुरुस्तीवाला आला तेव्हा म्हणाला, पट्टी सरळ करून देतो. मॅडम म्हणाल्या, "नको. राहू दे वाकलेलीच." त्यांनी मला कॉलेजात नेलं. माझ्या कपाळावर लाल पट्टी आहे, 'बाळांसाठी वापरू नये'. पण परीक्षेच्या दिवशी मॅडम ती पट्टी झाकतात, वाळूची बाहुली मुलींच्या पुढ्यात ठेवतात आणि काही न बोलता उभ्या राहतात. मुली येतात, बाहुली माझ्यावर ठेवतात, आकडा वाचतात, सुंदर गणितं सोडवतात. उत्तरं जुळली की टाळ्या देतात. मी लाजेनं चूर होतो. सच्चेपणाचा एवढा गर्व करणाऱ्या माझ्या नशिबी म्हातारपणी हेच आलं, दर परीक्षेला खोटं बोलायचं आणि कोणीतरी पकडावं म्हणून वाट बघायची. दहातल्या दोघी-तिघी पकडतात. त्या दिवशी मला बरं वाटतं.

तुमच्यापैकी कोणी उद्या नर्स होईल, कोणी डॉक्टर होईल, कोणी आई-बाप होईल. माझ्या भावंडांना जपा. त्यांच्यावर खोकी आदळू नका, वर्षातून एकदा त्यांना पितळी वजनं दाखवा. गणित नीट शिका, ते येत नाही म्हणून लाजू नका आणि येतं म्हणून फुगू नका, मी फुगलो होतो. आणि एक मागणं आहे या म्हाताऱ्याचं. आजारी लेकरू पुढ्यात आलं, तर आकडा वाचण्याआधी त्याला एकदा दोन्ही हातांनी नीट उचलून घ्या.